गाडी भरून होईपर्यंत

"बाई, तुम्ही बाहेर थांबा. आत माणसं बोलताहेत."

सरकारी वकील असं म्हणाले आणि त्यांनी कोर्टातल्या आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं. दार माझ्या चपलेला लागलं. मी पाय मागं घेतला.

आत शेठ होते. शेठचा मुलगा होता, ज्याच्या हातून माझा नवरा मेला. शेठचे काळ्या कोटातले वकील होते. पोलीस ठाण्यातले जमादार होते. आणि माझे जेठ होते, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. जिचा माणूस गेला ती मी बाहेर होते.

तेव्हा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. जेठ आत खुर्चीवर बसलेले असताना मी कुठं बसणार होते? आमच्यात जेठासमोर बसत नाहीत. त्यांच्याशी तोंड देऊन बोलत नाहीत. काही सांगायचं असेल तर दुसऱ्या बाईला सांगायचं, तिनं त्यांना सांगायचं. लग्न झाल्यापासून मी त्यांचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. पाय ओळखते. आवाज ओळखते.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत चहा गेला. चहावाल्यानं दार उघडलं तेव्हा शेठच्या मुलाची मान दिसली. केस नुकतेच कापलेले, मानेवर पावडर. तो मोबाईल बघत होता. आतून कुणीतरी हसलं. दार पुन्हा लागलं.

त्या दाराआड माझ्या नवऱ्याच्या मरणाचा सौदा चालला होता. मला वाटत होतं, केस आता सुरू होणार.

माझं माहेर धुळ्याकडचं. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन पाचोऱ्याच्या बाजूला आले. घरी जमीन नव्हती. जेठ आधीच केळीच्या पट्ट्यात गेले होते आणि याच शेठच्या केळीच्या वखारीत मुकादम झाले होते. हमाल आणि बाया कामाला आणायच्या, त्यांच्याकडून गाडी भरून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यांनी आम्हालाही बोलावून घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथून रावेरच्या रस्त्याला लागायला वेळ लागत नाही आणि रस्त्यावर सगळा वेळ केळीच्या गाड्या.

माझे हे हमाली करायचे. मी टाकीवर. टाकीत पाणी असतं, घडावरून काढलेल्या फण्या त्यात धुवायच्या, चीक काढायचा, खराब केळं बाजूला टाकायचं. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो, निघत नाही. लुगड्याला लागला तर लुगडं गेलं. आम्ही बाया पाण्यात हात घालून दिवसभर उभ्या. पण हसायचो. एक बाई होती, तिला मी इथं मालूबाई म्हणते, खरं नाव वेगळं. तिचं तोंड थांबायचं नाही. माझे हे वारले त्या दिवशी ते पाठीवर घड घेऊन टाकीजवळून गेले तेव्हा ती म्हणाली, "तुना नवरा आते घडसारखाच वाकी गया व! त्यालेबी टाकीमा टाक, धुई काढ!"

ते हसले. मी पदर तोंडाला लावला. त्यांचं तेवढं हसणं माझ्याजवळ आहे.

दिल्लीला जाणारी मालाची गाडी, ट्रक, लागायची होती. शेठचा मुलगा कॉलेजात होता, सुट्टीला आला होता. त्यानं ड्रायव्हरला म्हटलं, "उतर, मी लावतो." ड्रायव्हर नोकर माणूस. उतरला. मुलानं गाडी मागं घेतली. माझे हे धक्क्याला फळी लावत होते. धक्का म्हणजे जिथून गाडीत माल भरतात तो दगडी ओटा. सगळे ओरडले. मीसुद्धा ओरडले. गाडीत गाणं लावलेलं होतं. गाडी धक्क्याला टेकली तेव्हा मध्ये माझा नवरा होता.

गाडी पुढं घेतली. ते खाली पडले. जिवंत होते. डोळे उघडे होते. त्यांनी पाणी मागितलं. मी टाकीतलं पाणी ओंजळीत नेलं, दुसरं पाणी जवळ नव्हतं.

शेठ आले. त्यांनी पाहिलं. त्यांची मोठी मोटार फाटकाजवळ उभी होती. कुणीतरी म्हणालं, "शेठ, तुमच्या गाडीतून नेऊ." शेठ म्हणाले, "सगळं रक्त लागेल त्यात. रिक्षा बोलावतो." मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जेठांना म्हणाले, "मुकादम, गाडी रिकामी उभी ठेवू नका. माल दिल्लीचा आहे."

माझ्या नवऱ्याला चौघांनी उचललं आणि केळीच्या वाळलेल्या पाल्याच्या ढिगावर ठेवलं. गाडी भरायला लागली.

मी मालूबाईला म्हणाले, "त्यासले सांग, गाडी राहू द्या, आधी यासले उचला." जेठ माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. तरी मी मालूबाईला सांगितलं. मालूबाई त्यांना म्हणाली. जेठ म्हणाले, "रिक्षा येई राहिनी." रिक्षा आली नाही. मी पुन्हा मालूबाईला म्हणाले. जेठ म्हणाले, "थोडाच माल राहेल शे."

फळीवरून हमाल जात होते, येत होते. माणूस इथं पाल्यावर पडलेला. ते त्याच्याकडे बघायचे नाहीत. खाली बघत चालायचे. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. त्यांचा हात गार होत चालला होता.

गाडी भरून झाली. ताडपत्री बांधली. मग त्यांना त्याच गाडीत, ड्रायव्हरच्या बाजूला घातलं. जिनं चिरडलं तिच्यातच. दिल्लीला जाताना वाटेत तालुक्याच्या दवाखान्यात उतरवलं. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि मला विचारलं, "इतका वेळ कुठं होतात?"

याचं उत्तर मला कोर्टात द्यायचं होतं. एवढंच माझं मागणं होतं. त्या मुलाला फाशी द्या असं माझं कधी म्हणणं नव्हतं. गाडी मागं घेताना त्याला दिसलं नाही, हे मी कदाचित मान्यही केलं असतं. पण नंतर सगळ्यांना दिसत होतं. गाडी भरून होईपर्यंत माझा नवरा पाल्यावर पडला होता आणि सगळ्यांना दिसत होता. हे कुणीतरी मोठ्यानं विचारायला हवं होतं आणि कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

जमादारांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी हे सांगितलं. जबाब जेठांच्या घरी घेतला. मी दाराआड उभी राहून हळू आवाजात बोलत होते, मालूबाई माझ्याजवळ होती. जमादार म्हणाले, "हे सगळं आत्ता नको बाई. गाडी कुणी चालवली ते सांगा. बाकीचं कोर्टात सांगायचं. तिथं तुम्हाला विचारतील."

तिथं तुम्हाला विचारतील. हे वाक्य मी धरून ठेवलं. भाकरी थापताना मनातल्या मनात उत्तरं द्यायची. साहेब असं विचारतील, मी असं सांगेन. मला बोलायची सवय नाही. म्हणून घोकत होते. माझी लेक शाळेतली कविता पाठ करते, तसं.

मग ती तारीख आली आणि ते दार लोटलं गेलं.

दारातून माणसं बाहेर आली. शेठ माझ्याकडे न बघता गेले. सरकारी वकील म्हणाले, "चला, साहेबांसमोर जायचंय." मी त्यांच्या मागून गेले. मी त्यांना माझे वकील समजत होते. सरकारनं मला दिलेले.

कोर्टात जेठ पुढं उभे राहिले. मी त्यांच्या मागं, पदर खाली ओढून. पदरातून मला जमीन दिसत होती आणि जेठांच्या टाचा. बोलणं वरवरून चाललं होतं. अर्धं इंग्रजीत. "हजर आहेत, साहेब," असं सरकारी वकील म्हणाले. साहेबांनी काहीतरी विचारलं. जेठ म्हणाले, "हो साहेब." पुन्हा विचारलं. जेठ म्हणाले, "आमच्या घरच्यांचं काही म्हणणं नाही."

मी गप्प होते.

का गप्प होते, ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्यात भाऊबंदांची बैठक बसते. लग्न ठरायचं असो, भांडण मिटवायचं असो. पुरुष ओसरीवर बसतात, बाया आत, दाराआड. पुरुष आपसात सगळं बोलून घेतात. शेवटी, उठायच्या आधी, जो सगळ्यांत वडील असेल तो दाराकडे तोंड करतो आणि विचारतो, "मझारल्या बायासनं काय म्हननं शे?" म्हणजे आतल्यांचं काय म्हणणं आहे. हे विचारल्याशिवाय बैठक उठत नाही. मी लहान होते तेव्हापासून पाहत आले. पुरुषांचं बोलणं चालू असताना बाईनं मध्ये तोंड घालायचं नाही, कारण शेवटी विचारणार असतात.

मी तीच वाट बघत होते. कोर्ट म्हणजे मोठी बैठक. साहेब सगळ्यांत वडील. हे पुरुषांचं बोलणं झालं की साहेब मागं बघतील, म्हणतील, मागं उभ्या त्या बाईंचं काय म्हणणं आहे. घोकलेलं सगळं ओठापर्यंत आणून मी उभी होते.

साहेबांनी पुढची केस पुकारायला सांगितली. पट्टेवाला म्हणाला, "चला, चला, बाहेर."

मला वाटलं, आजचं झालं. माझी पाळी पुढच्या तारखेला.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "झाय ना आते. मरेल मानूस परत येस का व माय?" मी मनात म्हटलं, अजून मला विचारलेलं नाही.

समन्स येईल म्हणून वाट पाहिली. जबाबाला बोलावतात तेव्हा समन्स येतं, असं मालूबाईनं कुठूनतरी ऐकलं होतं. आलं नाही. कापूस वेचून संपला, उन्हाळा लागला. शेठचा मुलगा वखारीत यायला लागला. जेठांच्या मोठ्या मुलाला शेठनं गाडीवर ठेवलं, पक्कं काम. मी टाकीवर फण्या धूत होते. तोच धक्का समोर.

एक दिवस मी कामावर न जाता एकटी कोर्टात गेले. जन्मात पहिल्यांदा एकटीनं एसटीचं तिकीट काढलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तोच पट्टेवाला होता. मी त्याला नवऱ्याचं आडनाव सांगितलं, शेठचं सांगितलं. तो म्हणाला, "ती केस? तिचा निकाल लागून गेला की. मुलानं गुन्हा कबूल केला. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडला. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी कोण.

सरकारी वकील बाहेर झाडाखाली दोन वकिलांबरोबर उभे होते. मी जवळ गेले. बराच वेळ त्यांनी पाहिलं नाही. मग म्हणाले, "काय?"

मी म्हणाले, "मला विचारलंच नाही."

"काय विचारायचं होतं? तुम्ही होतात ना त्या दिवशी. तुमच्यासमोरच झालं."

"मी दाराबाहेर होते."

"तुमचे जेठ होते आत. घरचा कर्ता माणूस. त्यांनी मान्य केलं. मुलानं गुन्हा कबूल केला, कोर्टानं भरपाई सांगितली. वर्षानुवर्षं हेलपाटे घातले असते बाई तुम्ही. आम्ही तुमचं भलंच केलं. अजून काय पाहिजे?"

मी म्हणाले, "तुम्ही माझे वकील ना?"

तेव्हा ते हसले. त्यांच्याबरोबरचे दोघेही हसले. "मी सरकारचा वकील आहे, बाई. तुमचा नाही."

मग ते त्या दोघांकडे वळून म्हणाले, "यांना सगळं फुकट पाहिजे, आणि वर आपल्या मनासारखंही पाहिजे."

मी तिथून निघाले. एसटी स्टँडपर्यंत कशी आले, आठवत नाही. बाकावर बसले आणि मला एकदम कळलं की त्या मुलानं काय कबूल केलं. गाडी मागं घेताना हयगय झाली, एवढंच. पुढचं कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. रिक्षा, मोटार, ताडपत्री, दिल्लीचा माल, पाला, यातलं काहीच कोर्टात आलं नाही. आता कधी येणारही नाही. माझा नवरा एकदा धक्क्याला मेला. दुसऱ्यांदा त्या बंद खोलीत, चहा पीत, मिटवून टाकला.

आणि मी दाराशी उभी होते. राखणीला ठेवल्यासारखी.

मी कोर्टात गेल्याचं शेठला कळलं. त्यांना सगळं कळतं. पुढच्या रविवारी ते जेठांच्या घरी आले. भाऊबंद जमले. आम्ही बाया आत, चुलीपाशी. शेठ फार गोड बोलले. म्हणाले, वहिनींच्या मनात काही राहायला नको. त्यांनी लुगडं आणलं होतं, फळं आणली होती, कोर्टानं सांगितलेल्या भरपाईचा चेक आणला होता. मुलाला पुढं करून म्हणाले, "पाया पड वहिनींच्या." मुलगा आतल्या दारापर्यंत आला. बाया बाजूला झाल्या. त्यानं वाकून उंबऱ्याला हात लावला, माझ्या पायापर्यंत हात आला नाही. परत जाऊन बसला.

बैठक संपत आली. नवऱ्याचे चुलत चुलते, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी दाराकडे तोंड केलं.

"मझारल्या बायासनं काय म्हननं शे?"

सासूनं तोंड उघडलं. अशा वेळी म्हणायचं ठरलेलं असतं: तुम्ही म्हणाल तसं. माझ्या आईनं तेच म्हटलं. माझ्या आजीनंही. त्या क्षणी मला कळलं की हा प्रश्न विचारतात ते उत्तर माहीत असल्यामुळं. कोर्टानं निदान विचारलं तरी नाही. इथं विचारतात आणि ऐकत नाहीत.

मी सासूच्या आधी बोलले.

"मनं म्हननं शे."

ओसरीवर हालचाल थांबली. चुलीवर चहा उतू गेला, कुणी उतरवला नाही.

मी म्हणाले, "गाडी भरीसन व्हई तोपावत त्यासले कोन्ही उचलं नही. हाई कोर्टमा कोनी सांगं?"

शेठ म्हणाले, "वहिनी, झालं ते वाईटच झालं, पण आता..."

मी त्यांना म्हणाले, "लुगडं घेऊन जा. चेक घेऊन जा. मी तुमच्याशी काही मिटवलेलं नाही."

जेठ उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले. ओरडून बोलले. "घरमा जाय!"

मी म्हणाले, "मी घरमाच शे."

आबा खाली बघत बसले. मग कुणीतरी चपला घातल्या. बैठक तशीच उठली.

संध्याकाळी जेठ चुलीच्या खोलीपाशी आले. आत आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पदर घेतला. सवय जात नाही. मला वाटलं, आता निघून जा म्हणणार.

ते म्हणाले, "मी बी भरी राहिंतू त्या दिनले. मना हात थांबना नही."

मी हात थांबवून ऐकत होते.

"तू कोर्टमा बोलशी तं मनं नाव बी येई. शेठनंच नही. मनं बी."

तेव्हा मला समजलं की त्यांनी खोलीत हो का म्हटलं. मला वाटत होतं, मुलाच्या पक्क्या कामासाठी. तेही असेल. पण त्याहून जास्त हे होतं. भाऊ पाल्यावर पडला होता आणि ते घड उचलत होते. हे भर कोर्टात ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी हो म्हटलं. मला त्यांची दया आली. खरंच आली. तरी मी म्हणाले, "येई."

ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून टाकीवर माझं काम बंद झालं. मी लेकीला घेऊन जळगावला आले. पिंप्राळ्यात माझी धाकटी बहीण राहते, तिच्याकडे. इथं कॉलनीत दोन घरची भांडी करते. बहिणीनं सगळं ऐकलं आणि कोर्टात का बोलली नाहीस म्हणून माझ्यावरच चिडली. "तू तठे काब्र बोलनी नही व? तोंड शे ना तुले?" तिचा नवरा रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "ताई, मोठ्या लोकांशी काय लागायचं? आपण रोज उठून रस्त्यावर असतो."

दोघांचंही बरोबर आहे.

जिथं भांडी करते त्यांतल्या एका बाईंनी सांगितलं, बायकांना फुकट वकील मिळतो, कायदाच आहे. मी गेले. तिथं एक वकीलबाई भेटल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मी कडेला बसले, त्या म्हणाल्या, "नीट बसा." मग मी सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, आरोपी गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागू शकतो, असा कायदा आहे. त्यासाठी बैठक घ्यायची असते आणि त्या बैठकीला पीडिताला बोलवायलाच लागतं. पीडित म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो, आणि तो मेला असेल तर त्याचे वारस. "तुम्ही बायको. तुम्हाला नोटीस द्यायला हवी होती. तुम्हाला आत बसवायला हवं होतं. जेठांना विचारून भागत नाही."

मी विचारलं, "मग कायदा माझ्या बाजूनं आहे?"

"लिहिलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण कोर्टाच्या दप्तरात तुम्ही हजर होतात आणि तुमच्या घरच्यांनी मान्य केलं, असंच आहे. आणि अशा निकालावर अपील नसतं."

अपील नसतं. ज्यात मला कुणी घेतलं नाही त्याच्यावर मला अपील नाही.

त्या म्हणाल्या, संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज करता येईल. फसवून झालं, माझं ऐकून घेतलं नाही, असं सांगायचं. उशीर झालाय. कदाचित पहिल्याच दिवशी फेटाळतील. साक्षीदार लागले तर कोण येईल?

मी मालूबाईला फोन लावला. तिचा आवाज ऐकून मला रडू आलं. तीसुद्धा रडली. मग म्हणाली, "मनं नाव लिखू नको व बाई. दोन्ही पोऱ्या शेठकडेच कामले शेतस." मी म्हणाले, नाही लिहीत. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तठे उभी राहशी तं पदर मांगे लेजो. कोन्हाले ऐकू येत नही तुनं."

तर असं आहे. साक्षीदार नाही. जेठ माझ्या विरुद्ध उभे राहतील. सासूनं निरोप पाठवलाय की या घरात पाय ठेवू नको. बहिणीकडे किती दिवस राहणार, माहीत नाही. रात्री लेक विचारते, आपण गावी कधी जायचं. मला यातलं काही बदलता येत नाही.

पण एक मला कळलंय आणि ते आता कुणी माझ्यातून काढून घेऊ शकत नाही. सरकारी वकिलांना सरकारच्या वतीनं जे ठरवायचं ते त्यांनी ठरवावं. माझ्या वतीनं ठरवायचं नाही. ज्याचा माणूस मेला त्याला बाहेर उभं करून आत काही ठरत असेल, तर त्याला न्याय म्हणू नका, दुसरं काही म्हणा. आणि कायद्यात लिहिलंय एवढ्यावर मी गप्प बसणार नाही. लिहिलेलं तर त्या खोलीत सौदा झाला तेव्हाही होतं. साहेबांनी खुर्चीवरून विचारायला पाहिजे होतं: मेलेल्याची बायको कोण? पुढं या. मराठीत सांगतो, ऐका. यांनी असं ठरवलंय. तुम्हाला समजलं का? तुमचं काय म्हणणं आहे? आणि माझं उत्तर होईपर्यंत त्यांनी पुढची केस पुकारायची नव्हती. एवढं करायला किती वेळ लागतो? माझ्यासारख्या किती बाया त्या व्हरांड्यात उभ्या असतील, आत काय चाललंय ते माहीत नसलेल्या. त्यांच्यापैकी एकीलाही पुन्हा असं परत पाठवता येऊ नये.

वकीलबाईंनी अर्ज तयार केला. मला वाचून दाखवला. गाडी भरून होईपर्यंतचं सगळं त्यात आहे. मोटार आहे, ताडपत्री आहे. जेठांचं नाव आहे. त्या म्हणाल्या, "हे नाव काढायचं का? विचार करा." मी म्हणाले, "राहू द्या." मग माझी सही घेतली.

त्या म्हणाल्या, "ताई, हरण्याची तयारी ठेवा."

मी म्हणाले, हरले तर हरले. फेटाळायचं तर फेटाळू द्या. पण मला समोर उभं करून, माझं ऐकून, माझ्या तोंडावर सांगू द्या की तुझ्या नवऱ्याला पाल्यावर ठेवून गाडी भरली यात काही गुन्हा नाही. हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी माझ्याकडे बघून म्हणायचं. इथं म्हटलं नाही तर त्याच्या वर जाईन. माझ्या माघारी लागलेला निकाल मी मानत नाही. मरेपर्यंत मानणार नाही.

सोमवारी अर्ज द्यायचा आहे. सकाळच्या गाडीनं मी जाणार आहे. एकटी.